भिंत सरकवण्याआधी दार बघा

मुलुंड पूर्वेहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. जुन्या चार मजली इमारतीच्या जागी बावीस मजली टॉवर होणार. आजचं घर ४८० फुटांचं, वन बीएचके. नवं घर थ्री बीएचके, मोफत मिळणारी वाढ आणि कर्ज काढून विकत घेतलेले जास्तीचे फूट धरून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, साधारण ७१५. घरात पाच माणसं: ताई, त्यांचे यजमान, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

नकाशात हॉल १८ बाय साडेदहा आहे. मास्टर बेडरूम १३ बाय १० आणि तिला लागून टॉयलेट. मुलांच्या खोल्या मात्र १० बाय ९ आणि ९ बाय ९. ताईंचा बेत असा, की हॉल अडीच फूट कापायचा, मास्टर एक फूट कापायची आणि मुलांच्या दोन्ही खोल्या निदान १२० फुटांच्या करायच्या. अंधेरीला बहिणीकडे तेवढ्या आहेत. नाहीच जमलं तर आणखी साठ फूट विकत घ्यावेत का, असंही त्या विचारतात. यजमानांचं म्हणणं, हॉलला हात लावू नका, चार माणसं येतात-जातात. बिल्डरचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, ओसी आल्यावर हवं ते करून घ्या, कोण बघायला येतंय?’ (ओसी म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला.) मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला दाराला आतून कडी मिळाली तरी पुरे.’ सासूबाईंचं काहीच म्हणणं नाही. ‘त्या आजही हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, त्यांना सवय आहे,’ असं ताई लिहितात. आयओडी, म्हणजे बांधकामाला पालिकेची सुरुवातीची मंजुरी, यायची आहे, वैयक्तिक करारनाम्यावर सह्या व्हायच्या आहेत. पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘आम्ही चार भावंडं एका खोलीत वाढलो. मुलांच्या वाट्याला ते नको.’

---

ताई,

आधी तुमच्याच बेताची बेरीज करू. मुलांच्या खोल्या आज ९० आणि ८१, मिळून १७१ फूट. तुम्हाला हव्यात १२० च्या दोन, म्हणजे २४०. तूट ६९ फुटांची. हॉल अडीच फूट कापलात तर सव्वीस चौरस फूट सुटतात, मास्टरचा एक फूट म्हणजे दहा. झाले छत्तीस. यजमानांशी भांडून, हॉल साडेपंधरा फुटांवर आणून, तूट भरली जेमतेम निम्मी.

राहिले ते साठ फूट. फूट काही भाजीसारखे तोलून पिशवीत घालून मिळत नाहीत. टॉवरमध्ये तुमचा फ्लॅट वरच्या-खालच्या फ्लॅटच्या बरोबर रेषेत असतो. खांब, डक्ट, टॉयलेट सगळं एकाखाली एक. तुमच्या रांगेतला फ्लॅट ७१५ चा असेल तर तो प्रत्येक मजल्यावर ७१५ चाच. त्यामुळे ‘आणखी साठ फूट’ म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्या रांगेतला, दुसऱ्या तोंडाचा, वेगळ्या नकाशाचा फ्लॅट. तो कुठला, कितव्या मजल्यावर, त्यात मुलांच्या खोल्या केवढ्या, हे नकाशावर बोट ठेवून दाखवल्याशिवाय एका फुटाचेही पैसे देऊ नका. मोठ्या फ्लॅटमध्ये वाढलेले फूट पुष्कळदा हॉलला आणि मास्टरला जातात, मुलांच्या खोल्या होत्या तेवढ्याच राहतात. ब्रोशर चाळून बघा.

आता १२० हा आकडा. तो बहिणीच्या घरातून आलाय, आणि तिथे तो शोभतही असेल. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या पहिल्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर आणि दुसरीला साडेसात चौरस मीटर, रुंदी निदान २.१ मीटर, अशी मापं आहेत. साडेसात चौरस मीटर म्हणजे पावणेएक्याऐंशी फूट. तुमची लहान खोली आहे ८१ ची. योगायोग असेलही. मुंबईचे नियम आपले वेगळे आहेत आणि ते तुमच्या सोसायटीचा आर्किटेक्ट सांगेल, पण एक लक्षात घ्या, की कुठल्याही नियमात लिहिलेलं ते किमान माप असतं. त्याच्या काठावरची खोली राहण्याजोगी होते की कोंदट, हे चौरस फुटांपेक्षा तिच्या दाराच्या आणि खिडकीच्या जागेवर ठरतं. तुमच्या पत्रात मापं सगळी आहेत, पण दारं कुठे आहेत ते एका शब्दानेही नाही. सुदैवाने तुम्ही नकाशाचा फोटो जोडला होता.

त्या नऊ बाय नऊच्या खोलीचं दार भिंतीच्या मधोमध आहे. तीन फुटांचं दार मधे, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांची भिंत. त्या तीन फुटांत ना धड कपाट बसतं, ना पलंग. म्हणून नकाशा काढणाऱ्याने कपाट बाजूच्या भिंतीला नेलंय आणि पलंग खिडकीसमोर आडवा टाकलाय. टेबल दाखवलेलंच नाही. आणि तो पलंग मोजा बरं. नकाशाच्या मापाने तो साडेपाच फूट लांबीचा निघतो. बाजारातला पलंग सव्वासहा फुटांचा असतो. सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात तर तिथेही टेप घेऊन जा. तिथे पलंग आखूड असतात, कपाटं उथळ असतात आणि पुष्कळदा खोल्यांना दारंच लावलेली नसतात, त्यामुळे सगळं ऐसपैस वाटतं.

आता तेच दार तीन फूट सरकवून कोपऱ्यात न्या. लगेच त्याच भिंतीला सलग सहा फूट मोकळे होतात. तिथे सहा फुटी कपाट, दोन फूट खोल, सरकत्या दारांचं. समोर खिडकीच्या भिंतीला लागून पलंग, तीन फूट रुंद. नऊमधून दोन आणि तीन गेले, मधे चार फूट राहिले. म्हणजे चार बाय सात फुटांची सलग मोकळी जमीन, आणि बाजूच्या भिंतीला अभ्यासाचं टेबल. पोराला जमिनीवर फतकल मारून बसता येईल, मित्र आला तर गादी घालता येईल. खोलीचा एक इंचही वाढलेला नाही. सोसायटीच्या सल्लागाराला द्यायच्या पत्रात पहिली मागणी म्हणून हीच लिहा: दोन्ही खोल्यांची दारं कोपऱ्यात.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तुमच्या मुलांच्या खोल्या एकमेकींना लागून आहेत, मधे नऊ फुटांची भिंत. दोन्हींची मिळून लांबी, भिंत धरून, साडेएकोणीस फूट. दोन्ही खोल्यांत दोन-दोन फूट खोल कपाटं केलीत तर कपाट, भिंत, कपाट मिळून साडेचार फूट गेले. राहिले पंधरा. त्याऐवजी मधली भिंतच कपाटाची केली तर? नऊ फूट लांबीचं, दोन फूट खोलीचं एकच कपाट, अर्धं मुलीच्या बाजूने उघडणारं, अर्धं मुलाच्या. पाठीला प्लाय, जिप्सम बोर्ड आणि आत रॉकवूल, म्हणजे आवाज थोपतो. जाडी धरा सव्वादोन फूट. आता दोघांना मिळून सव्वासतरा फूट मोकळे, प्रत्येकी साडेआठच्या वर. हॉल कापून जे सव्वीस चौरस फूट मिळणार होते त्यातले वीस इथेच मिळाले, कोणाशी भांडण न करता. तोटे सांगते. कपाट प्रत्येकी साडेचार फुटांचंच मिळेल. आवाज विटेच्या भिंतीइतका अडणार नाही, आणि मुलगी सतरा वर्षांची झाली की भावाच्या व्हिडिओ गेमचा आवाज हा घरातला मोठा विषय होणार, हे गृहीत धरा. पण एक जास्तीचा फायदाही आहे. दहा वर्षांनी मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडली तर ते कपाट काढून एकच मोठी खोली करता येते.

तिसरी, पॅसेज. तुमचा पॅसेज पंधरा फूट लांब आहे आणि टोकाला कोऱ्या भिंतीवर संपतो. नकाशात तिथे एक शोभेचा कोनाडा काढलाय, त्यात बहुधा बुद्धाची मूर्ती यायची असावी. त्या टोकाचे दोन फूट शेजारच्या खोलीला द्या. सव्वातीन फूट रुंद, दोन फूट खोल अशी कपाटाची खोबण तयार होते. साडेसहा चौरस फूट, ऐकायला काहीच नाही. पण मधल्या कपाटात तोकडे पडलेले फूट इथे भरून निघतात.

चौथी गोष्ट नकाशात दिसत नाही. मुंबईच्या घरात मुलांची खोली म्हणजे घराचं गोदाम असतं. लॉफ्टवर गणपतीचं मखर, पलंगाच्या पेटीत पाहुण्यांच्या गाद्या, कपाटाच्या वरच्या कप्प्यात लग्नात आलेले डिनर सेट, दारामागे इस्त्रीचं टेबल, गॅलरी नाही म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँडही तिथेच. मग आपण म्हणतो खोली लहान. तुमच्या आजच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूची यादी करा आणि नव्या घरात ती कुठे जाणार ते समोर लिहा. ज्या वस्तूसमोर ‘मुलांच्या खोलीत’ असं येईल तिथे थांबा. पॅसेजवर सात फुटांच्या उंचीला पूर्ण लांबीचा लॉफ्ट करून घेतलात तर मखर, सुटकेसी, गाद्या सगळं तिथे जातं. पॅसेजमध्ये कोणी मान वर करून राहत नाही.

खिडकीबद्दल थोडं. आपल्यासारख्या दमट, उष्ण हवेसाठी त्याच संहितेत उघडणाऱ्या भागाचं प्रमाण जमिनीच्या एक षष्ठांश दिलंय. नऊ बाय नऊला ते साडेतेरा फूट होतं. तुमची खिडकी आहे चार बाय साडेतीन, म्हणजे चौदा. कागदावर बरोबर. पण दोन ट्रॅकची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. तीन ट्रॅकची मागा, किंवा बाहेर उघडणारी. आणि पलंग खिडकीला लागून येणार असेल तर ग्रिल आणि पावसाची झड, दोन्हींचा विचार आधी करा. मुलगा नऊ वर्षांचा असला तरी त्याच्याकडे येणारी आते-मामेभावंडं तीन वर्षांची असू शकतात.

बंक बेडचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे वाचक हमखास विचारतात. नऊ फुटांच्या छताखाली वरच्या पलंगावर बसलेल्या मुलाचं डोकं पंख्याच्या पात्यांच्या पातळीला येतं. बंक करायचाच तर छताचा पंखा काढून भिंतीचा लावा. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका.

आता त्या ‘ओसी आल्यावर करून घ्या’ बद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटते. हल्ली उंच टॉवर बरेचदा मिवान पद्धतीने बांधतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्याने होतं, फिनिशिंगही चांगलं येतं, पण आतल्या पुष्कळ भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात. त्यांत दार सरकवणं सोडा, जास्तीच्या प्लगसाठी खाच मारायचीही बंदी असते. ओसी आल्यावर तुम्ही सुताराला घेऊन आत जाल आणि तो भिंतीवर टकटक करून मान हलवेल. म्हणून दार कोपऱ्यात हवं, मधल्या भिंतीऐवजी कपाट हवं, हे सगळं साचे ठरायच्या आत, म्हणजे आत्ता. एकट्या तुमच्यासाठी साचा बदलणार नाहीत. तुमच्या रांगेतल्या, वरच्या-खालच्या सभासदांनी मिळून मागितलं तर शक्यता बरीच वाढते, कारण मग सगळ्या मजल्यांना एकच साचा लागतो. दारांची जागा बदलायला बिल्डरला फारसा खर्चही नाही. त्या सात-आठ घरांना या रविवारी चहाला बोलवा.

बिल्डरच्या माणसाशी बोलू नका, सोसायटीच्या पीएमसीशी, म्हणजे प्रकल्प सल्लागाराशी, बोला. तो तुमच्या बाजूने नेमलेला आहे. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार पुनर्विकास चालतो, त्यात प्रकल्प सल्लागार आणि सर्वसाधारण सभा यांना जागा आहे. मागणी लेखी द्या, सभेच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या. महारेरा या गृहप्रकल्प नियामकाचं संरक्षण मुख्यतः विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांच्या कामी येतं. जुन्या सभासदाची खरी ढाल म्हणजे त्याचा वैयक्तिक करारनामा आणि त्याला जोडलेला नकाशा. त्या नकाशावर दारं, खिडक्या, खांबांची काळी चौकोनं आणि प्लास्टरनंतरची मापं असल्याशिवाय सही नको. बांधकामाचे नऊ फूट गिलावा झाल्यावर आठ फूट दहा इंच होतात, आणि कोपऱ्यातून नऊ इंच पुढे आलेला खांब कपाटाचा घास घेतो.

जुन्या इमारतीत राहून खोल्या वाढवू पाहणाऱ्या वाचकांसाठी इथेच थोडं सांगते, कारण तीही पत्रं पुष्कळ येतात. तुमच्याकडे भिंती फोडता येतात म्हणून सगळ्याच फोडू नयेत. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ इमारतींत नऊ इंची भिंतीच स्लॅब तोलून धरतात. ती भिंत आहे की नुसती पार्टिशन, हे कंत्राटदार सांगत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतो. खांब-बीमवर उभ्या आरसीसी इमारतीत साडेचार इंची भिंत सरकवतानाही ती कशावर उभी राहणार ते बघा. विटेची, गिलावा केलेली नऊ फूट उंच भिंत एका फुटाला दोन-अडीचशे किलो भरते. खाली बीम नसेल तर ते सगळं वजन स्लॅबवर. सिपोरेक्सचे हलके ब्लॉक किंवा जिप्सम वापरा. आणि जिथून भिंत काढलीत तिथला बीम छतातून खाली लोंबत राहील, तो फॉल्स सीलिंगमध्ये झाकायचा खर्च धरा. खांबाला कोणीही, कशासाठीही हात लावायचा नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्कमधली इमारत कोसळून सतरा जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता.

फ्लॉवरबेडचंही तेच. जानेवारी २०१२ पर्यंत मुंबईत फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या हिशेबात, धरला जात नसे, म्हणून त्या काळातल्या फ्लॅटना खिडकीबाहेर तो हमखास असतो, आणि तो आत घेऊन खोली दीड-दोन फूट वाढवायची चाल सगळीकडे आहे. ती फळी कुंड्या आणि मातीसाठी आहे, पलंग आणि माणसासाठी नाही. बेकायदा बांधकामाबद्दल पालिकेची कलम ३५१ ची नोटीस आली तर ती तुमच्या नावावर येते, विकणाऱ्याच्या नाही. इमारत तीस वर्षांच्या पुढे गेली असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून वाचा, मग सोसायटीची परवानगी, मग हातोडा. टॉयलेट सरकवून बेडरूम वाढवायची कल्पना तर मनातून काढूनच टाका. खालच्यांच्या बेडरूमवर तुमचा नहाणी ट्रॅप आला की गळती आणि भांडण, दोन्ही कायमचे.

परत तुमच्याकडे येते, ताई. मुलीने सांगितलेलं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. तिने फूट मागितलेच नाहीत, कडी मागितली. चौदाव्या वर्षी तिला हवं असलेलं नऊ बाय नऊमध्ये मावतं. शिवाय ताबा मिळेपर्यंत तीन-चार वर्षं जातील. तेव्हा ती बारावीत किंवा त्याच्या पुढे असेल, मुलगा तिच्या आजच्या वयाच्या जवळ आलेला असेल. तुम्ही नकाशात जी मुलं बघताय ती त्या घरात राहायला येणारच नाहीत, त्यांच्यापेक्षा मोठी दोन माणसं येतील. चार भावंडं एका खोलीत, या तुमच्या आठवणीतला त्रासही फुटांचा होता की दाराचा, याचा एकदा विचार करा.

आणि सासूबाई. तुमच्या बेतात हॉल अडीच फूट कापला जातोय, आणि हॉलमध्ये एक माणूस झोपतं. तेव्हा हॉल कापणं म्हणजे त्यांची खोली कापणं. थ्री बीएचकेमध्ये पाच माणसांपैकी एकच दिवाणावर, तेही सगळ्यात वयस्कर, हे तुम्ही मुद्दाम केलेलं नाही, मला माहीत आहे. त्या मागत नाहीत म्हणून ते नकाशात आलंच नाही. ‘सवय आहे’ हे वाक्य त्यांचं आहे की घरच्यांचं, तेवढं मात्र विचारा. टीव्ही बंद होईपर्यंत जागं राहायचं आणि दूधवाल्याच्या बेलने उठायचं, ही सवय असते पण आवड क्वचितच असते. आणि रात्री दोनदा उठून पॅसेजमधल्या टॉयलेटपर्यंत जाणं सत्तरीनंतर सोपं राहत नाही.

मास्टर बेडरूम नवरा-बायकोचीच, असा कायदा नाही. ज्याला रात्री टॉयलेट जवळ लागतं त्याची ती खोली, असंही ठरवता येतं. १३ बाय १० मध्ये दोन सिंगल पलंग, दोन कपाटं आणि एक टेबल आरामात बसतं. सासूबाई आणि मुलगा तिथे, तुम्ही दोघं दहा बाय नऊमध्ये, मुलीला नऊ बाय नऊ आणि कडी. दहा बाय नऊमध्ये पाच फुटी डबल बेड आणि दोन फूट खोल कपाट टाकून तीन फूट उरतात, दोघांना पुरतात. हे तुम्हाला पटेलच असं नाही. अटॅच्ड टॉयलेटसाठी कर्ज काढलं आणि तेच सोडायचं, असं यजमान म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलालाही आजीबरोबर राहायला नको वाटू शकतं.

दुसरा मार्ग असा, की सासूबाईंना नऊ बाय नऊ द्या, तिचं दार कॉमन टॉयलेटच्या समोर येईल असं मागा, आणि मुलांना मास्टर. पण तिथे चौदा आणि नऊ वर्षांच्या बहीण-भावामधे कपाटाचं पार्टिशन घालून दोन भाग करावे लागतील. खिडकी एकच आहे, त्यामुळे एक भाग अंधारा राहील. मला हा पर्याय दुय्यम वाटतो.

तिसरा, सासूबाई हॉलमध्येच राहणार असतील, आणि तसं त्यांनी स्वतः सांगितलं असेल, तर हॉलच्या टोकाला सात फुटांचा भाग सरकत्या पार्टिशनने वेगळा होईल अशी सोय आत्ताच आखा. त्यांच्या बाजूला एक खिडकी, एक स्विचबोर्ड, एक कपाट. म्हणजे हॉल कापायच्या ऐवजी वाटायचा. यजमानांच्या चार पाहुण्यांना साडेदहा-अकरा फूट उरतात. दिवसा पार्टिशन उघडं.

मी यातला पहिला निवडला असता, पण तुमच्या घरात मी राहत नाही. ठरवायच्या आधी एक करा. जुनी इमारत अजून उभी आहे, तिच्या गच्चीवर खडूने नवा फ्लॅट खऱ्या मापात आखा. पलंगाच्या जागी चादरी अंथरा, सव्वासहा बाय तीनच्या घड्या घालून. दारं कुठे उघडतात तेही काढा. मुलांना, सासूबाईंना, यजमानांना त्यात फिरू द्या. रांगेतल्या बाकीच्या घरांनाही बोलवा, पीएमसीला द्यायच्या पत्रावर सह्या तिथेच होतील.

त्या पत्रात दारांची जागा, मधली भिंत, पॅसेजचं टोक आणि खिडकीचे ट्रॅक या चार मागण्या आल्याच. पाचवी जोडा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये टॉयलेटचं दार सव्वादोन-अडीच फुटांचं ठेवतात, त्यातून वॉकर घेऊन आत जाणं अवघड होतं. काँक्रीटच्या भिंतीत ते नंतर रुंद होणार नाही. सासूबाई जे टॉयलेट वापरतील त्याचं दार पावणेतीन फुटांचं मागा, आणि उंबरा नको म्हणून लिहा.